गोचीड तापातून उठणाऱ्या कुत्र्याला डाळिंब द्यावे का?

मुलुंडहून एका भगिनींनी पाठवलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. त्यांच्या घरी ब्रूनो नावाचा चार वर्षांचा, ३१ किलो वजनाचा लॅब्राडोर आहे. दहा दिवसांपूर्वी त्याला गोचीड ताप असल्याचे निदान झाले आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या वेळी हिमोग्लोबिन ८.६ आणि प्लेटलेट्स ७२ हजार होत्या. डाळिंबाने रक्त वाढते म्हणून सासूबाई त्याला रोज एका डाळिंबाचा रस आणि वर मूठभर दाणे देतात. परवा त्याने कचऱ्याच्या डब्यातून डाळिंबाची साल ओढून काढून खाल्ली आणि काल सकाळी लालसर उलटी केली. डाळिंब कुत्र्याला चालते का, चालत असल्यास किती द्यावे, आणि ती उलटी रक्ताची होती का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्नांचा क्रम मी बदलतो आणि आधी उलटीविषयी लिहितो, कारण तेवढ्या एका गोष्टीसाठी आपण आजच आपल्या डॉक्टरांना फोन करायला हवा.

निरोगी कुत्र्याने डाळिंब खाऊन लाल उलटी केली, तर ती बहुतेक वेळा डाळिंबाचीच असते आणि घाबरण्याचे कारण नसते. ब्रूनोची गोष्ट वेगळी आहे. कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. त्याच्या ७२ हजार होत्या. आपोआप रक्तस्राव होण्याचा धोका सहसा तीस-चाळीस हजारांच्या खाली वाढतो, हे खरे असले तरी गोचीड तापात प्लेटलेट्स संख्येने कमी होतातच, शिवाय उरलेल्यांचे कामही नीट होत नाही. त्यामुळे या आजारात लाल रंग दिसला की तो फळाचा आहे असे गृहीत धरता येत नाही. डाळिंब विषारी नसूनही अशा कुत्र्याला देऊ नये असे मी सांगतो, त्याचे पहिले कारण हेच आहे की ते खऱ्या रक्तस्रावाची खूण झाकून टाकते. बीटालाही हेच लागू आहे.

उलटी अजून पुसली नसेल किंवा पुन्हा झाली, तर घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते. पांढऱ्या बशीत त्यातले चमचाभर लाल पाणी घ्यावे आणि त्यावर खायचा सोडा चांगला चमचाभर घालून ढवळावे. डाळिंबाचा लाल रंग ज्या रंगद्रव्यांमुळे येतो ती आम्लात लाल राहतात आणि सोड्याने पालटतात. लाली जाऊन पाणी निळसर करडे दिसू लागते. रक्ताचा रंग असा पालटत नाही. रंग पालटला तर त्यात डाळिंब होते एवढे निश्चित कळते, मात्र त्यासोबत थोडेसे रक्त नव्हतेच असे त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून बशीतल्या रंगापेक्षा कुत्र्याकडे अधिक लक्ष द्यावे. ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या पांढुरक्या दिसत असतील, हिरड्यांवर किंवा पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठले असतील, नाकातून रक्त येत असेल, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे तपकिरी कण असतील किंवा शी डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल, तर फोनवर न थांबता कुत्र्याला घेऊन निघावे. लोहाचे टॉनिक सुरू असेल तर त्यानेही शी काळपट होते, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

आता सालीविषयी. डाळिंबाचा जो भाग कुत्र्याला खरोखर त्रास देतो तो हा. साल चामड्यासारखी चिवट असते, आणि कुत्र्याचे दात ती दळण्यासाठी घडलेले नाहीत. त्याच्या मोठ्या दाढा मुख्यतः कात्रीसारख्या कापतात, आपल्यासारख्या भरडत नाहीत. त्यातून लॅब्राडोर चावण्याचे कष्टही घेत नाही. या जातीच्या सुमारे चौथाई कुत्र्यांमध्ये भूक आवरणारी जनुकीय यंत्रणा बिघडलेली असते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले आहे. तेव्हा डब्यात तोंड घालणारा लॅब्राडोर हा दरवेळी लाडावलेला असतो असे नाही, त्याला खरोखरच भूक लागलेली असते. तो तुकडे अख्खे गिळतो, आणि ते आतड्यात जसेच्या तसे पुढे सरकतात किंवा अडकतात.

काही वर्षांपूर्वी गिरगावातून सहा किलोंची एक पॉमेरेनियन माझ्याकडे आली होती. गणपतीचे विसर्जन होऊन तीन दिवस झाले होते. पहिल्या दिवशी तिने दोनदा उलटी केली, दुसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना, तिसऱ्या दिवशी ती पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी राहू लागली आणि कोणी उचलायला गेले की कण्हू लागली. एक्स-रेमध्ये वायूने फुगलेले आतडे दिसले, अडथळा मात्र दिसला नाही, कारण साल ही हाडासारखी किंवा धातूसारखी एक्स-रेवर उमटत नाही. सोनोग्राफीत जागा सापडली. शस्त्रक्रियेत जो तुकडा निघाला तो डाळिंबाच्या टोकाकडचा, मुकुटासारख्या कडक पाकळ्या असलेला भाग होता. लांबी जेमतेम माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी, रंग काळपट तपकिरी, आणि तीन-चार दिवस पोटात राहूनही त्या पाकळ्यांची टोके टोचतील इतकी ताठ होती. ती कुत्री वाचली. त्या घरात फळे चिरल्यावर साल थेट झाकणाच्या डब्यात जाते, असे तिच्या मालकांनी नंतर टाके काढायला आले तेव्हा आवर्जून सांगितले.

ब्रूनो मोठा आहे, त्याचे आतडेही रुंद आहे, त्यामुळे अंगठ्याएवढे दोन-चार तुकडे त्याच्या शीवाटे निघून जाण्याची शक्यता अधिक आहे. तरीही पुढचे तीन दिवस त्याच्यावर नजर ठेवा. एकदा उलटी होऊन तो पुन्हा खाऊ-पिऊ लागला असेल, शी होत असेल, पोट दाबू देत असेल तर घरी थांबायला हरकत नाही. वारंवार उलट्या, अन्नाकडे पाठ फिरवणे, शी बंद होणे किंवा पोटाला हात लावताच अंग आखडून घेणे, यांपैकी काहीही दिसले तर सोनोग्राफीची सोय असलेल्या ठिकाणीच न्यावे. एक विनंती मात्र हात जोडून करतो. काही बाहेर काढण्यासाठी कुत्र्याला मिठाचे पाणी पाजू नका. हा उपाय मुंबईत अजून घरोघरी सांगितला जातो, आणि त्यातून रक्तातले सोडियम इतके वाढू शकते की झटके येऊन कुत्रा दगावतो. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. चिवट किंवा टोकदार वस्तू उलटून वर आणणे अनेकदा आत राहू देण्यापेक्षा धोक्याचे असते.

सालीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे टॅनिन हे तुरट द्रव्य. डाळिंबाची साल उकळून कापड रंगवण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे, ती याच टॅनिनच्या जोरावर. पोटात गेल्यावर ते आतल्या अस्तराला चुरचुरवते आणि मळमळ, उलटी, जुलाब होतात. दाण्यांमधल्या पांढऱ्या-पिवळ्या पापुद्र्यातही ते भरपूर असते. माणसांच्या जुलाबावर सालीचा काढा देण्याची पद्धत ठाऊक असल्याने काही घरांत तो कुत्र्यालाही पाजतात. तसे करू नये. डाळिंबाच्या मुळाच्या सालीतले अल्कलॉइड पूर्वी पट्टकृमींवर वापरत, पण त्याची मात्रा जराशी चुकली तरी विषबाधा होते, आणि आज त्यासाठी सुरक्षित गोळ्या सहज मिळतात. सालीवर फवारणीचे अंशही असतात. सोलापूर, नाशिककडच्या बागांमध्ये तेल्या रोगासाठी वारंवार फवारण्या कराव्या लागतात, त्यामुळे फळ कापण्याआधी धुणे हे माणसांसाठीही आवश्यकच आहे.

दाण्यांचे उत्तर मात्र सोपे आहे. डाळिंबाचे दाणे कुत्र्याला विषारी नाहीत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, तसा कोणताही परिणाम डाळिंबाचा होत नाही. अमेरिकेतील प्राणी-विषशास्त्राच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये असे मांडले की द्राक्षांतला दोषी घटक टार्टारिक आम्ल असावा, आणि तेव्हापासून पुष्कळ मालक प्रत्येक आंबट फळाविषयी साशंक झाले आहेत. डाळिंबाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक आम्लाचा आहे, म्हणून ती भीती इथे लागू होत नाही. ती लागू होते चिंचेला. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते आणि आपल्या आमटीपासून भेळेच्या चटणीपर्यंत ती सगळीकडे असते, याकडे मराठी घरांनी अधिक लक्ष द्यायला हवे असे मला वाटते.

निरोगी कुत्र्याला किती दाणे चालतील, याचे गणित कॅलरींवरून करू नये, आतड्यांवरून करावे. दिवसाच्या आहारात खाऊचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, हा सर्वमान्य नियम आहे. ब्रूनोसारख्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,२०० ते १,३०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी सव्वाशेच्या आसपास उरतात. १०० ग्रॅम दाण्यांत ८३ किलोकॅलरी असतात. त्या हिशेबाने एका मोठ्या डाळिंबाचे सगळे दाणे त्याला चालतील असे वाटेल. पण तेवढे दाणे खाल्ले की वीस ग्रॅम साखर, आम्ल आणि शेकडो कडक बिया एकदम पोटात जातात, आणि रात्री जुलाब सुरू होतात. माझा अनुभव असा आहे की मोठ्या कुत्र्याला दोन लहान चमचे आणि पग, शिह त्झू, पॉमेरेनियन यांसारख्या लहान कुत्र्याला पाच-सहा दाणे, तेही आठवड्यातून एक-दोनदा, यापुढे जाण्याची गरज नसते. भगवा जातीचे दाणे मऊ बियांचे असल्याने त्यातल्या त्यात बरे. पापुद्रा निवडून काढावा, दाणे बोटांनी चिरडून द्यावेत. अख्खे दिले तर दुसऱ्या दिवशी शीमध्ये बऱ्याचदा तसेच्या तसे दिसतात, आणि सकाळी फिरवताना ते पाहून जंत झाले म्हणून धावत येणारे मालक मी अनेक पाहिले आहेत. मधुमेही, किडनीचा आजार असलेल्या किंवा ज्यांचे पोट वारंवार बिघडते अशा कुत्र्यांना दाणे देऊच नयेत. डाळिंबात पोटॅशियम बरेच असते आणि आजारी किडनीला ते बाहेर टाकणे जड जाते.

रसाविषयी मला थोडे कठोर बोलावे लागेल. २०० मिलिलिटरच्या पेल्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, चोथा नसतो, आणि ज्यूस सेंटरमधून आणलेला असेल तर वरून घातलेली साखर, काळे मीठ आणि मसालाही असतो. साखर नसलेले म्हणून विकले जाणारे पदार्थ तर त्याहून वाईट, कारण त्यांत साखरेऐवजी घातलेले झायलिटॉल असू शकते आणि ते कुत्र्याची रक्तशर्करा काही मिनिटांत खाली आणून यकृतालाही इजा करते. निरोगी कुत्र्यालाही रस देण्याचे कारण मला गेल्या सव्वीस वर्षांत कधी सापडलेले नाही. डाळिंबातल्या क जीवनसत्त्वाचे कौतुक कुत्र्याच्या बाबतीत करता येत नाही, कारण त्याचे यकृत ते स्वतःच तयार करते.

आणि आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येतो. त्या रोज बसून दाणे सोलतात, रस गाळतात, आजारी जिवाच्या तोंडी लावतात. त्यामागची माया मी जाणतो, म्हणूनच हे नीट समजावून सांगावे असे वाटते. डाळिंबाचा रंग रक्तासारखा आहे, पण त्यात लोह अगदी नगण्य आहे. १०० ग्रॅम दाण्यांत जेमतेम ०.३ मिलिग्रॅम, आणि रसात त्याहूनही कमी. तेवढ्याच वजनाच्या कोंबडीच्या कलेजीत सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते, आणि ते कुत्र्याच्या शरीरात फळातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते. शिवाय गोचीड तापात रक्त कमी होते ते लोह कमी पडल्यामुळे नव्हे. एर्लिकिया हा जंतू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरतो, पांढऱ्या पेशींत राहतो आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला मंदावतो. सततच्या दाहामुळे शरीर असलेले लोहही कोठारात बंद करून ठेवते. गोचिडीतूनच येणाऱ्या बॅबेसिया या परजीवीचा संसर्ग सोबत असेल तर तो लाल पेशी फोडतो. कोठार भरलेले असताना आणखी धान्य आणून उपयोग नाही, कुलूप उघडावे लागते, आणि ते काम औषध करते.

मग डाळिंब दिल्यावर रक्त वाढल्याचे इतक्या घरांत का दिसते? कारण ते त्याच आठवड्यात दिले जाते ज्या आठवड्यात औषध लागू पडते. योग्य औषध सुरू झाल्यावर प्लेटलेट्स बहुधा काही दिवसांतच चढू लागतात, आणि अस्थिमज्जा मोकळी झाली की लाल पेशीही हळूहळू भरून येतात. पपईच्या पानांच्या रसाला मिळणारे श्रेयही असेच असते. श्रेय कोणाला मिळाले याने माझे काही बिघडत नाही. मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. कुत्रा हुशार दिसू लागला की दहाव्या-बाराव्या दिवशी गोळ्या थांबवून फक्त रस चालू ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावे लागते, आणि ते मध्येच सोडले तर आजार दबून राहतो व काही महिन्यांनी जुनाट रूपात परत येतो. तेव्हा अस्थिमज्जा कायमची खचलेली असू शकते. ब्रूनोचे दहा दिवस झाले आहेत, म्हणजे आपण नेमक्या त्याच टप्प्यावर आहात.

या गोळ्यांचा पोटालाही त्रास होतो. डॉक्सिसायक्लिनने पुष्कळ कुत्र्यांना मळमळते. त्यावर उपाशीपोटी आंबट रस गेला तर उलटी होणारच, आणि उलटीसोबत गोळीही बाहेर पडते. गोळी जेवणासोबत द्यावी, पण आपल्याकडे आवडीने करतात तशी डाळिंब घातलेल्या दहीभातात लपवून नव्हे, कारण दह्यातले कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवते आणि ते पुरेसे शोषले जात नाही. उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात घालून द्यावी. लोहाचे टॉनिक सुरू असेल तर त्याच्यात आणि गोळीत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, आणि ते खरोखर हवे आहे का हेही डॉक्टरांना विचारावे. सासूबाईंना ब्रूनोसाठी काही करावेसे वाटते ना? त्यांना आठवड्यातून दोनदा ५० ग्रॅम कलेजी पाण्यात उकडून, मीठ-मसाला न घालता, त्याच्या जेवणात मिसळायला सांगा. घरी मांसाहार होत नसेल तर उकडलेले अंडे चालेल. कलेजी रोज मात्र नको, कारण त्यातले अ जीवनसत्त्व साठत जाते.

दाणे निर्दोष असले तरी ते क्वचितच एकटे येतात, ही गोष्ट मुंबईत विशेष जाणवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हस्त बहाराची डाळिंबे आणि नाशिकची द्राक्षे एकाच वाटीत कापली जातात. कोशिंबिरीत दाण्यांबरोबर कांदा असतो, आणि कांद्याने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. ज्याच्या लाल पेशी आधीच कमी आहेत त्याला तो एक चमचाही नको. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. पंचखाद्यात खिसमिस असते. नाक्यावरच्या दाबेलीत वरून पेरलेले डाळिंबाचे दाणे तेवढे निरुपद्रवी, बाकी कांदा, लसणाची चटणी, चिंच-गूळ आणि तिखट शेंगदाणे, यांतले एकही कुत्र्याच्या पोटासाठी नाही. द्राक्षे किंवा बेदाणे किती खाल्ले तर चालतात, याची खात्रीची मर्यादा नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो आणि दुसऱ्याची किडनी थोड्यांनीच बंद पडते. ते खाल्ल्याचे लक्षात आले तर उलटीची वाट न पाहता पहिल्या दोन तासांत दवाखाना गाठावा.

तर आजपासून ब्रूनोचा रस आणि दाणे पूर्ण बंद ठेवा, म्हणजे यापुढे काही लाल दिसले तर ते रक्त समजून लगेच हालचाल करता येईल. औषधाचे २८ दिवस पुरे होईपर्यंत एकही गोळी चुकवू नका. या आठवड्यातच रक्ततपासणी पुन्हा करून घ्या आणि त्यात हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स यांच्यासोबत किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रोटीनही पाहायला सांगा, कारण हा आजार किडनीवरही परिणाम करतो. गोचिडी घरातच भिंतींच्या फटींत, पायपुसण्याखाली आणि सोफ्याच्या शिवणींत अंडी घालतात, तेव्हा कुत्र्याच्या औषधाबरोबर त्या जागांची फवारणीही करून घ्यावी, आणि ती होत असताना व जागा पूर्ण सुकेपर्यंत ब्रूनोला दुसऱ्या खोलीत ठेवावे. तपासणीत प्लेटलेट्स दोन लाखांवर आणि हिमोग्लोबिन बारावर स्थिरावले, शी बांधलेली असली आणि किडनीचे आकडे ठीक असले, तर सासूबाईंनी निवडलेले दोन चमचे दाणे त्याला पुन्हा द्यायला माझी हरकत नाही.